आपल्या फत्तेमारीची डागडुजी

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त बैहर येथे केलेले भाषण)



विद्वान वक्त्यांची भाषणे झाल्यावर माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराला येथे उभे करण्यात आले आहे, त्याचे कारण मी ओळखून आहे. सभागृहात शिरताना उजव्या हाताला काचेच्या पेटीत जे लाकडी जहाज ठेवले आहे, त्याच्या दुरुस्तीत गेले सात महिने मी आणि माझे एक सहकारी गुंतलो होतो. "एवढे दिवस काय करीत होता?", "खर्च किती आला?" आणि "नवा रंग का दिला नाही?" हे तीन प्रश्न मला बाजारात, बसस्थानकावर, इतकेच काय एका लग्नाच्या पंगतीतही विचारले गेले. शेवटी आपले चिटणीस म्हणाले, "मास्तर, एकदाच सर्वांना सांगून टाका." खर्चाचा तपशील न्यासाच्या हिशेबात आहे, तो कोणीही पाहावा. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो, आणि त्याबरोबर माझ्या एका जुन्या चुकीची कबुलीही देतो.

प्रथम हे जहाज कोणते, ते सांगितले पाहिजे. आपण सारे त्याला नुसते 'गलबत' म्हणत आलो. पण ज्यांनी ते घडविले ते गुरुजी त्याला फत्तेमारी म्हणत. मुंबईपासून मलबारपर्यंतच्या किनाऱ्यावर तांदूळ, मीठ, नारळ, कौले आणि इमारती लाकूड वाहणारे हे शिडाचे मालवाहू जहाज होते. लांब तिरपी नाळ, बहुधा दोन डोलकाठ्या, मोठी तिरकी शिडे, एक तांडेल आणि त्याच्या हाताखाली थोडे खलाशी. आगबोटी आल्या, पुढे रस्त्यांवर मालमोटारी आल्या आणि फत्तेमारीचे दिवस संपले. गुरुजी रत्नागिरीकडचे होते. लहानपणी त्यांनी या फत्तेमाऱ्या खाडीत नांगरलेल्या पाहिल्या होत्या. नोकरीने त्यांना इकडे आणले. त्या वेळी गोंदियाहून बालाघाटपर्यंत छोटी गाडी, आणि तेथून घाट चढून बैहर. समुद्राच्या काठचा माणूस सालवनात येऊन पडला आणि येथेच राहिला.

कोणी म्हणेल, बैहरचा आणि समुद्राचा संबंध काय? संबंध आहे. आपल्या पठारावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. बंजर नदी उत्तरेला मंडल्याकडे जाऊन नर्मदेला मिळते; ते पाणी पश्चिमेच्या समुद्राला पोहोचते. पठाराच्या दुसऱ्या उतारावरचे नाले वैनगंगेला मिळतात. ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून पूर्वसमुद्रात जाते. ही गोष्ट मी भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षे मुलांना शिकवली. पण ती मला प्रथम सांगितली गुरुजींनी, गणपतीच्या मांडवात, याच गलबताकडे बोट दाखवून.

दुसरा संबंध राळेचा. जहाजाच्या दोन फळ्यांमधल्या सांध्यातून पाणी आत येऊ नये म्हणून त्यात तंतू ठासून वर राळ आणि तेल यांचा लेप देण्याची रीत जुनी आहे. आपण देवापुढे धूप म्हणून जाळतो ती राळ सालवृक्षाचा चीक आहे, आणि तीही नावांचे सांधे भरण्यासाठी वापरली जात असे. आपल्या दाराशी उभे असलेले हे झाड असे जहाजांच्या उपयोगी पडत आले आहे.

गुरुजींना लाकूडकाम येत नव्हते. त्यांनी आठवणीने कागदावर आकृती काढली आणि येथल्याच एका सुतार मिस्त्रींना बोलावले. मिस्त्रींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. एकाच्या डोळ्यांत जहाज होते आणि दुसऱ्याच्या हातात कसब. माझ्या जन्माच्याही आधी या दोघांनी मिळून साडेतीन फूट लांबीची ही फत्तेमारी उभी केली. बांगडीच्या आकाराच्या सागवानी फासळ्या, त्यांवर बोटभर रुंदीच्या फळ्या आणि त्या बसविण्यासाठी लाकडाच्याच बारीक खुंट्या. ज्या वर्षी ती झाली त्या वर्षी गणपती तिच्यात बसवला गेला, आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या उत्सवाचा देखावा म्हणजे ही फत्तेमारी, हे ठरून गेले.

मग मोठ्या मूर्ती आल्या, विजेची रोषणाई आली, आणि गलबत माळ्यावर गेले. महोत्सवासाठी ते खाली उतरविले तेव्हाची अवस्था पुष्कळांनी पाहिली आहे. शिडे हात लावताच फाटत होती. मागची लहान डोलकाठी बांबूची होती. ती भुंग्याने पोखरून आतून पिठासारखी केली होती. सुकाणू निखळलेले. अंगावर लाल ऑइलपेंट आणि त्यावर समईच्या काजळीचा थर. मोठी डोलकाठी मात्र सरळ उभी होती, आणि तिच्या बुंध्याशी पाटातल्या फळीला वीतभर लांबीची चीर गेली होती.

विश्वस्तांच्या बैठकीत दोन मते पडली. एक मत असे की, चांगला पेंटर बोलवावा, लांबी भरून लकाकता रंग द्यावा, साटिनची शिडे शिवावी, म्हणजे पाहुण्यांपुढे शोभेल. दुसरे मत असे की, जुनी वस्तू जुनीच राहू द्यावी. खरे सांगतो, मी पहिल्या मताचा होतो. मला पालटविले माझ्या सहकाऱ्यांनी. हे सहकारी म्हणजे त्याच मिस्त्रींचे नातू. तेही सुतारकामच करतात. ते बैठकीत एवढेच म्हणाले, "रंग देऊ, पण आधी आजांनी काय केले होते ते मला पाहू द्या." या मागणीला नाही म्हणणे कोणालाच शक्य नव्हते.

मग आम्ही संग्रहालयात नोकरी केलेल्या एका परिचित गृहस्थांना पत्र लिहिले. त्यांनी तीन नियम कळविले. पहिला, काहीही काढण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि निघालेल्या प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधा. दुसरा, जे कराल ते उद्या कोणाला सोडवता आले पाहिजे. तिसरा, वस्तूला लागेल तेवढेच करा, तुम्हाला हौस असेल तेवढे नको.

दुसऱ्या नियमाचा अर्थ आम्हांला सरसाने शिकवला. हल्ली सुतार फेविकॉल वापरतात. काम सोपे आणि जोड पक्का. पण तो एकदा वाळला की सांधा सहजी सुटत नाही. बळ लावले तर लाकूडच फाटते. मिस्त्रींनी वापरला होता तो जुना सरस, जनावरांच्या कातड्या-हाडांचा. ऊब आणि ओलावा दिला की तो मऊ होतो आणि सांधा शहाण्यासारखा सुटतो. त्यामुळे मिस्त्रींनी जोडलेले आम्हांला न मोडता उकलता आले. मधल्या काळात कोणी तरी सुकाणू नव्या पद्धतीने घट्ट चिकटवले होते, तेवढे मात्र आम्हांला तासून काढावे लागले. म्हणून आम्हीही सरसच शिजवला. त्या वासाबद्दल सभागृहाच्या शेजाऱ्यांची जाहीर क्षमा मागतो.

काजळी काढताना एक गंमत झाली. परिचितांनी लिहिले होते की, संग्रहालयांतून अशा कामी पुष्कळदा कापसाच्या बोळ्याला स्वतःची थुंकी लावून हलके पुसतात. तिच्यात मळ सोडविण्याचा गुण असतो. हे माझ्या तोंडून निघण्याचा अवकाश, आमच्या घरातून आणि महिला मंडळातून एकच विरोध उठला. ज्यात गणपती बसला त्याला उष्टे? आम्ही मुकाट्याने मऊ ब्रश आणि औषधांच्या दुकानातील शुद्ध पाणी घेतले. दोन दिवसांचे काम आठ दिवसांवर गेले, पण घरी जेवण मिळत राहिले.

भुंग्याचा बंदोबस्तही सांगण्याजोगा आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बांबूच्या आणि लाकडाच्या जुन्या वस्तू असतील. फवारणीचे औषध आतल्या अळीपर्यंत पोहोचेलच असे नाही. थंडी पोहोचते. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून शून्याखाली अठरा-वीस अंशांवर दोन आठवडे ठेवायची, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या हवेइतकी कोमट होईपर्यंत पिशवी उघडायची नाही, म्हणजे अंगावर दव धरत नाही. शिडाच्या बांबूच्या लांब काठ्या आम्ही अशाच एका आइस्क्रीमच्या दुकानातील पेटीत ठेवल्या. हिवाळा असल्याने दुकानदारांनी जागा दिली. पोखरलेली लहान डोलकाठी वाचण्यासारखी नव्हती. तिच्या जागी नवा बांबू घातला; तो आधी काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला. बांबूतील ज्या पिठूळ अंशावर भुंगा जगतो तो अशाने बराचसा धुऊन जातो. आपले जुने लोक हे जाणत होते. सागवानी अंगाला मात्र कीड शिवलीसुद्धा नव्हती.

सागवानाची ही ताकद जगाने मानलेली आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ब्रिटिश आरमारासाठी 'ट्रिंकोमली' नावाची युद्धनौका मलबारी सागवानात बांधली. ती १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलकट लाकडात ते टिकतात. ही नौका पुढे शिकाऊ खलाशांची शाळा झाली, तिचे नावही बदलले गेले. अखेर इंग्लंडात हार्टलपूल येथे १९९० पासून २००१ पर्यंत तिची दुरुस्ती चालली आणि तिला तिचे मूळ नाव परत मिळाले. ती आजही पाण्यावर उभी आहे आणि तिच्या अंगातील पुष्कळसे सागवान मुंबईत बसविलेलेच आहे. अकरा वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांनी जुने काढून नवे घालण्याची घाई केली नाही, म्हणून हे साधले. आमच्या सात महिन्यांना कंटाळलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता मोठ्या डोलकाठीकडे येतो. माझे भाषण खरे तिच्यासाठीच आहे.

चीर गेलेली फळी उचलण्यासाठी डोलकाठी काढावी लागली. तिच्या बुंध्याशी, खोबणीत, मागच्या बाजूने एक पाचर ठोकलेली होती. साध्या खोक्याच्या लाकडाची, कोयत्याने छिललेली. चीर त्या पाचरीच्या दाबानेच गेली होती. पाचर काढून आम्ही डोलकाठी पुन्हा खोबणीत ठेवून पाहिली, तो ती सरळ उभी राहीना. ती नाळेच्या दिशेने, पुढे झुकली. खोबणच तिरपी होती.

मी म्हणालो, "मिस्त्रींचा हात चुकला असेल. समुद्र कुठे पाहिला होता त्यांनी?" नातू काही वेळ त्या खोबणीत बोट फिरवीत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, माझ्या आजाच्या हातून भोक तिरपे पडणार नाही. पडले असेल तर त्यांनी पाडले असेल."

त्या रात्री मला झोप आली नाही, कारण ती पाचर मी ओळखली होती.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेन. गणपतीची सजावट आम्हां मुलांकडे असे. गलबताची काठी वाकडी दिसते, लोक हसतील, म्हणून मी एका खोक्याची फळी छिलून पाचर केली आणि दगडाने ठोकून काठी सरळ केली. मोठ्या माणसांनी शाबासकी दिली. संध्याकाळी गुरुजी आरतीला आले. ते तेव्हा खूप म्हातारे झाले होते, बोलणे अस्पष्ट येई. त्यांनी काठीला हात लावला आणि म्हणाले, "अरे, ती तशीच असते." आम्ही मुले हसलो. ज्याची काठी वाकडी तो म्हणतो वाकडीच असते! गुरुजी पुन्हा काही बोलले नाहीत. पुढल्या उत्सवाला ते नव्हते.

पुढे मुलीकडे मुंबईस गेलो असता मी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलो. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेले हे संग्रहालय जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा सुरू झाले. तेथे आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या होड्यांच्या प्रतिकृती जपलेल्या आहेत. त्या पाहिल्यावर मी फत्तेमारीची जुनी चित्रे व छायाचित्रे मिळतील तेवढी मिळवून पाहिली. चित्रामागून चित्र उलटले. फत्तेमारीची मोठी डोलकाठी पुढेच झुकलेली. कारणही उमगले. या जहाजांचे शीड एका फार लांब, जड, तिरप्या काठीवर बांधलेले असते. डोलकाठी पुढे झुकलेली असली म्हणजे ही काठी आणि शीड तिच्यावर न घासता मोकळे लोंबते, आणि वाऱ्याप्रमाणे बाजू बदलताना ती काठी डोलकाठीच्या पुढून फिरविता येते. गुरुजींची आठवण बिनचूक होती. मिस्त्रींनी न पाहिलेल्या समुद्राचे माप बिनचूक पाडले होते. चुकलो होतो तो मी, ज्याला आपले डोळे पुरेसे वाटले.

ही गोष्ट लहान आहे असे कोणी म्हणेल. खेळण्यातल्या जहाजाची काठी चार बोटे इकडे की तिकडे! पण विचार करा. त्या फत्तेमाऱ्या आता व्यापाराला निघत नाहीत. गुरुजी गेले, मिस्त्री गेले, आकृतीचा कागदही उरला नाही. बैहरमध्ये त्या ज्ञानाची एकच प्रत शिल्लक होती, ती म्हणजे ही तिरपी खोबण. आम्ही लांबी भरून, सरळ करून, रंग देऊन टाकला असता तर ती प्रत आमच्याच हातांनी पुसली गेली असती, आणि वर आम्ही फुलांचे हारही घेतले असते.

एकदा हरवलेले असे ज्ञान परत मिळवायला किती कष्ट पडतात याचे उदाहरण ताजे आहे. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील एका चित्रावरून आपल्या नौदलाने जुन्या पद्धतीचे, फळ्या काथ्याने शिवलेले जहाज बांधविले. आराखडा कोणताच नव्हता, केवळ भिंतीवरचे चित्र. गोव्यात बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळचे कारागीर बसले, फळी फळीला शिवली गेली, सांधे राळेने भरले गेले. पाण्यात ते कसे वागेल हे ताडण्यासाठी मद्रासच्या आयआयटीत आधी प्रतिकृतीवर चाचण्या घ्याव्या लागल्या. मे २०२५ मध्ये कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. एका चित्रात जे शिल्लक राहिले त्याच्या आधाराने एवढे उभे राहिले. तेव्हा लहान प्रतिकृतीला कोणी खेळणे म्हणू नये.

आता आम्ही काय केले ते थोडक्यात. ऑइलपेंटखाली प्रथम टपालाच्या तिकिटाएवढी जागा उघडून पाहिली. लाल, त्याखाली निळा, आणि त्याखाली जवसाचे तेल पाजलेले काळसर सागवान. सर्व विश्वस्तांना ते दाखविले आणि त्यांच्या संमतीने रंग उतरविला. लाल गलबत पाहतच जे लहानाचे मोठे झाले त्यांना वाईट वाटणार हे जाणून, तळाशी वीतभर पट्टी तशीच ठेवली आहे. वाकून पाहिल्यास तिन्ही थर दिसतील. जुन्या शिडांना मागून पातळ सुती कापडाचा आधार देऊन टाके घातले. दोर नवे आहेत. सुती दोरा मेणावरून ओढून घेतला आहे. चिरलेल्या फळीत सागाची बारीक चीप बसवली आहे. ती जवळून वेगळी ओळखू येते, आणि ती तशी यावी अशीच आमची इच्छा होती. मोठी डोलकाठी पुढे झुकलेली आहे. कृपा करून कोणीही ती सरळ करू नये!

ती पाचर आम्ही फेकली नाही. पेटीत खालच्या बाजूस ठेवली आहे आणि चिठ्ठीवर ती कोणी ठोकली त्याचे नाव माझ्या हस्ताक्षरात आहे. पेटीच्या वरच्या पितळी पट्टीवर गुरुजींचे आणि मिस्त्रींचे, अशी दोन्ही नावे आहेत. आजवर उत्सवाच्या कागदपत्रांत 'गुरुजींचे गलबत' एवढाच उल्लेख होत असे. मिस्त्रींचे नाव राहून गेले होते. त्यांच्या घरच्या मंडळींनी कधी तक्रार केली नाही, यावरून आपली चूक लहान ठरत नाही.

पेटी भिंतीपासून हातभर पुढे ठेवली आहे, ओल लागू नये म्हणून. उन्हाची तिरीप तेथे येत नाही. पावसाळा संपला की दरवर्षी एकदा कोणी तरी पेटी उघडून खाली पिठासारखा भुसा पडला आहे का, एवढे पाहावे. हे काम शाळेतल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. मात्र त्याला काही वाकडे दिसले तर आधी विचारण्याची सवय लावावी, आणि त्याने विचारले तर आपण मोठ्यांनी हसू नये.

न्यासाला इतकी वर्षे झाली. पुढल्या पिढीला पुष्कळ गोष्टी आपल्या कामात वाकड्या दिसतील. काही खरोखरच वाकड्या असतील, त्या त्यांनी अवश्य सरळ कराव्यात. पण पाचर ठोकण्यापूर्वी खोबणीत एकदा बोट फिरवून पाहावे, एवढेच मला माझ्या अनुभवावरून सांगावयाचे होते.